तळेगावच्या वच्छलाबाईंची रायफल

मित्रांनो, मी एक जुनी शिकारी रायफल आहे. बंदूक म्हटले की तुम्ही दोन पावले मागे सरता, आणि तेच बरोबर आहे. तिथेच उभे राहून ऐका. माझ्या गोष्टीत राजा नाही, वाघही नाही. एक बाई आहे, तिचा दीर आहे आणि एक रानडुक्कर आहे.

माझा जन्म १९११ साली जर्मनीत झाला. माझी नळी पोलादाची आणि दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा. माझ्या पाठीवर एक दांडा आहे, त्याला बोल्ट म्हणतात. तो उचलून मागे ओढला की झाडलेले रिकामे काडतूस बाहेर उडते. पुढे ढकलला की पोटातल्या पाचांपैकी एक नवे काडतूस नळीत जाऊन बसते. एवढेच माझे यंत्र. ज्यात बिघडण्यासारखे थोडे असते ते फार दिवस टिकते.

पण रायफल म्हणजे निम्मी नळी आणि निम्मे काडतूस. माझे काडतूस सात मिलिमीटरचे. बोटभर लांब, पितळेचे, मानेशी निमुळते, आणि तोंडात पेन्सिलीसारखी बारीक लांबोडकी गोळी. इंग्रज त्याला 'दोनशे पंच्याहत्तर' म्हणत. तो आकडा काडतुसाच्या बुडावर कोरलेला असे. त्या काळी शिकारी लोकांना अंगठ्याएवढ्या जाड काडतुसांचे वेड होते. त्यांच्या शेजारी माझे काडतूस ठेवले की हसू होई.

माझे पहिले मालक जंगल खात्यातले एक इंग्रज साहेब. ते हसणाऱ्यांकडे लक्ष देत नसत. पस्तीस वर्षे त्यांनी मला खांद्यावर वागवले. गोळी झाडलेली असो वा नसो, संध्याकाळी माझ्या नळीतून तेलाची चिंधी फिरल्याशिवाय ते जेवायला बसत नसत. १९४७ साली ते विलायतेला निघाले आणि जाताना मला हिंगणघाटच्या मोतीलाल शेठजींना विकून गेले.

शेठजींची कापसाची जिनिंग होती, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना. शिकार त्यांनी जन्मात केली नव्हती. साहेबाची रायफल आपल्याकडे असावी, एवढीच त्यांची हौस. पण त्यांच्या पत्नी शोभाबाई यांनी मला घराचा उंबरठा ओलांडू दिला नाही. पाणी गाळून पिणारे जैन घर, तिथे हत्यार कशाला, असे त्या म्हणाल्या. त्यांचे चुकले असे मला आजही वाटत नाही. मग शेठजींनी मला जिनिंगच्या कचेरीत भिंतीवर टांगले.

तिथे मी सहा वर्षे लटकले. दसऱ्याला मला कुंकू लागे. पाहुणा आला की माझ्याकडे बोट दाखवून शेठजी साहेबाच्या गोष्टी सांगत. दस्त्याला खोबरेल चोळून तो लखलखीत ठेवला जाई. पण माझ्या नळीत एकदाही कोणी डोकावून पाहिले नाही. जिनिंगच्या हवेत कापसाचे तंतू सदा तरंगत. ते माझ्या बोल्टवर बसत, ओल धरत, आणि तिथे बारीक तांबेरा चढे. काडतुसांचा डबा पत्र्याच्या छपराखालच्या फळीवर होता. वैशाखात त्या फळीवर हात ठेववत नसे. मित्रांनो, बाहेरून चकचकीत आणि आतून गंजलेली, अशी माझी ती सहा वर्षे.

१९५३ च्या दिवाळीनंतर एक बाई कचेरीच्या दारात येऊन उभी राहिली. पंचेचाळिशीची, उंच, लुगड्याचा पदर खोचलेला. ह्याच वच्छलाबाई. वर्धा जिल्ह्यातल्या तळेगाव श्यामजीपंत या गावात त्यांचे शेत होते. यजमान सदाशिवराव शाळेत मास्तर होते. ते वारले तेव्हा त्यांची ठासणीची बंदूक परवान्यासकट सरकारजमा झाली. तेव्हापासून रानडुकरांना मोकळे रान मिळाले. दोन वर्षे त्यांनी वच्छलाबाईंचा भुईमूग उकरून खाल्ला. हिंगणघाटला दिलेली त्यांची लेक इंदिरा हिच्याकडून माझी बातमी त्यांना कळली होती.

“शेटजी, ते भितीवरची बंदूक चालते का नुसती लटकते?” त्यांनी विचारले.

शेठजी हसले. “बाई, लटकती तो बढिया है. चालते का, ते मला माहीत नाही. घेणार कोण?”

“मी.”

शेठजींनी नोकराला चहा आणायला सांगितले. म्हणजे त्यांनी ते बोलणे गंभीरपणे घेतले. परवाना आधी हवा, मग सौदा, असे ठरले. निघताना वच्छलाबाईंनी साहेबाच्या काळातले एक झाडलेले रिकामे काडतूस मागून घेतले आणि कमरेच्या पिशवीत टाकले.

त्यांच्या धाकट्या दिराचे नाव बापूराव. त्यांचे शेत बांधाला बांध लागून. ते म्हणाले, “वहिनी, परवाना माह्या नावानं काढू. बाईमाणसाले कोन देते?”

“शेत माह्या नावावर हाये ना भाऊजी? मंग बंदूकही माह्याच नावावर राहीन.”

वर्ध्याच्या कचेरीत काय झाले ते मी पाहिले नाही. पण वच्छलाबाईंनी ते पुढे इतक्यांदा सांगितले की मला पाठ आहे. कारकुनाने अर्ज वाचून कपाळाला आठ्या घातल्या. फौजेची 'थ्री नॉट थ्री' असेल तर मिळणार नाही, ती गोळी सरकारची, असे तो म्हणाला. वच्छलाबाईंनी पिशवीतले काडतूस काढून त्याच्या टेबलावर उभे केले.

“बुडावर आकडा हाये. वाचून पाहा.”

कारकुनाने चष्मा वर करून आकडा वाचला आणि काडतूस परवाना देणाऱ्या साहेबांपुढे नेले. साहेबांनी विचारले, “बाई, झाडणार कोण?”

“मीच.”

“कधी झाडली आहे?”

“ठासणीची, दोनदा. हे गेल्यावर नाई, हे असतानाच.”

परवाना मिळाला.

मला न्यायला त्या आल्या तेव्हा शेठजींनी जिनिंगचे मिस्त्री रूपराव यांना बोलावले. रूपराव लढाईच्या काळात फौजेच्या कारखान्यात होते. त्यांनी माझा बोल्ट काढला आणि त्यातून कापसाचा एक अख्खा बोळा निघाला. तो त्यांनी शेठजींसमोर टेबलावर ठेवला. मग घासलेटने मला आतून धुतले. नळी उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिले.

“नळी वाचली,” ते म्हणाले. “आतले पेच शाबूत हायेत. गोळी त्या पेचातून भिंगरीवानी फिरत निंगते, म्हून लांब गेली तरी भरकटत नाई. बाई, हे काडतूस बारीक दिसते म्हून हासू नका. जाड काडतूस खांद्याले लाथ मारते. लाथेच्या भेवानं मानूस डोये मिटते अन् नेम जाते. हे बिचारं निस्तं ढकलते.”

वच्छलाबाईंनी एक काडतूस तळहातावर घेतले, जोखले आणि मुठीत मिटले.

“पन आयका,” रूपराव म्हणाले. “हे काडतुसं सहा उन्हाये पत्र्याखाली भाजले. एखादं दगा देईन. शिकाच्या वक्ती दगा देल्लं, त नळी समोर धरून थांबजा, घाई करू नोका. पन जनावर आंगावर येत असन, त इचार करत बसू नोका. बोल्ट मागं, बोल्ट पुढं.”

एकूण अडतीस काडतुसे माझ्याबरोबर तळेगावला गेली.

आता एक अडचण सांगते ती ऐका. वच्छलाबाई डावखुऱ्या होत्या, आणि माझा बोल्ट उजव्या बाजूला. उजव्या हाताच्या माणसासाठीच मला घडवले होते. त्यांनी तक्रार केली नाही. रिकामी काडतुसे घालून त्या रोज सकाळी चूल पेटवण्याआधी ओसरीवर बसत आणि डावा हात माझ्या डोक्यावरून पलीकडे नेऊन बोल्ट ओढत. मागे, पुढे. मागे, पुढे. रोज वीस वेळा. त्यांचा सालदार, म्हणजे सालाचा गडी, कवडू गोठा झाडता झाडता म्हणे, “बाई, घुसळन घालून राह्यल्या का? लोनी कवा निंगते?”

“निंगन तवा तुले देईन.”

खऱ्या काडतुसांतली त्यांनी शिकायला फक्त सहा खर्च केली. नाल्याच्या मातीच्या दरडीवर कवडूने चुन्याने थाळीएवढे वर्तुळ काढले. पहिली गोळी वर्तुळाबाहेर गेली. सहावी बरोबर मध्ये बसली. कवडूने दरड उकरून ती गोळी काढली आणि हातावर घेऊन किती वेळ पाहत राहिला. “लहानी हाये,” तो म्हणाला, “पन हातभर मातीत गेली.”

त्या हिवाळ्यात वच्छलाबाईंनी दोन डुकरे मारली, दोन्ही एकेका गोळीत. रोह्यांवर, म्हणजे नीलगाईंवर, मात्र त्यांनी कधी नेम धरला नाही. रोही गाईच्या जातीचे, त्यांना गोफणीने हाकलायचे, असा त्यांचा नियम. संशय असला की त्या चाप ओढत नसत. चार-चार तास मचाणावर बसून रिकाम्या हाताने परत येत. घरी आल्यावर तेलाची चिंधी मात्र चुकत नसे. इंग्रज साहेबांनंतर पहिल्यांदा मला माझे काम मिळाले होते. गावात माझे नाव झाले. बाजाराच्या दिवशी लोक कवडूला थांबवून विचारत, “खरंच का रे, पेन्सिलीएवढी गोळी हाये?”

बापूरावांना हे रुचत नव्हते असे नाही. पण माझ्याकडे पाहताना त्यांची नजर रेंगाळे. त्यांच्याही शेतात भुईमूग होता. एकदा त्यांनी मला मागितले. वच्छलाबाई म्हणाल्या, “परवाना माहा हाये, भाऊजी. डुक्कर आलं की हाक मारजा, मी येईन.”

१९५५ च्या मार्गशीर्षात इंदिरा आजारी पडली आणि वच्छलाबाई आठ दिवस हिंगणघाटला गेल्या. मी लाकडी पेटीत कुलूपबंद होते. पण घाईत किल्ली खुंटीवरच राहिली.

सातव्या दिवशी दिवस मावळताना पेटी उघडली. हात ओळखीचे नव्हते. बापूरावांनी मला काढले, पेटीतल्याच डब्यातून काडतुसे भरली, बोल्ट मागेपुढे केला आणि धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, चालत आपल्या शेताकडे नेले. भुईमुगात एक मोठा एकुल दिसला. एकटा फिरणारा नर डुक्कर असतो, त्याला एकुल म्हणतात. उजेड कमी होता आणि बापूरावांनी नेम धरायला घाई केली. मी काय करणार? मला जिकडे धरतात तिकडे मी बघते. चाप ओढला गेला. गोळी डुकराच्या मागच्या पायात लागली. ते किंचाळत नाल्यात शिरले. बापूराव त्याच्या मागे न जाता घरी परतले. मला न पुसता पेटीत ठेवले आणि किल्ली पुन्हा खुंटीला लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारीने वच्छलाबाई परत आल्या. हातपाय धुतले आणि पेटी उघडली. मला उचलून नळीचे तोंड नाकाशी नेले. जळलेल्या दारूचा वास लपत नाही. त्या तशाच दोन्ही घरांच्या सामाईक अंगणात आल्या. बापूराव बैलांना वैरण टाकत होते.

“भाऊजी, बंदूक कोनं काढलती?”

बापूरावांनी पेंढी खाली ठेवली. “मी. काल. एकुल शिरलतं भुईमुगात.”

“लागली का?”

“पायाले लागली. रक्त सांडत नाल्यात गेलं. मरन आपोआप.”

“अन् नाई मेलं त?” वच्छलाबाईंचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. “त्या नाल्यात गावच्या बाया गवत कापाले जातात. तुमाले ठाऊक नाई का? अधमेलं जनावर सोडून घरी येऊन जेवले तुमी?”

बापूरावांनी भिंतीला टेकवलेली कुऱ्हाड उचलली.

“चला. जागा दाखवा.”

कवडू पुढे, गवतावरचे रक्ताचे थेंब पाहत. त्याच्या मागे वच्छलाबाई आणि मी. बापूराव कुऱ्हाड घेऊन बाजूने. उन्हे चांगली वर आली होती. गवत कापायला आलेल्या दोघी बायका वाटेत भेटल्या. त्यांना वच्छलाबाईंनी मागे फिरवले. पुढे नाल्यात रायमुनियाच्या, म्हणजे घाणेरीच्या, काटेरी जाळ्या दाट झाल्या होत्या. रक्ताचे थेंब एका जाळीत गेले आणि बाहेर आले नाहीत. कवडूने हात वर केला.

डुक्कर त्या जाळीतून निघाले नाही. ते शेजारच्या जाळीतून निघाले, थेट बापूरावांच्या अंगावर. कुऱ्हाड उगारायलाही वेळ मिळाला नाही. ते उताणे पडले. सुळ्याने त्यांची पोटरी फाडली. डुक्कर तसेच पुढे गेले, वळले आणि पुन्हा आले. त्याच्या आणि आमच्या मध्ये बापूराव आडवे होते. वच्छलाबाई दोन पावले डावीकडे सरकल्या, म्हणजे माझ्या नळीच्या रेषेत फक्त डुक्कर राहिले. चाप ओढला.

टक्.

काडतुसाने दगा दिला. मित्रांनो, तो आवाज मी आजवर विसरले नाही. आम्हा बंदुकांना लाज वाटते की नाही ते मला माहीत नाही. वाटत असेल, तर ती तेव्हा वाटली.

वच्छलाबाईंनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. डावा हात माझ्या डोक्यावरून पलीकडे गेला. मागे, पुढे. निकामी काडतूस गवतात उडाले. दुसरे आत बसले. डुक्कर बापूरावांपासून पाच पावलांवर असताना मी बोलले आणि ते जागच्या जागी कोसळले.

कवडूने आपले धोतर फाडून बापूरावांची पोटरी बांधली. सडकेवर एक संत्र्यांचा ट्रक थांबवून त्यांना आर्वीच्या दवाखान्यात नेले. पाय वाचला, पण चाल लंगडी झाली.

संध्याकाळी बापूरावांची बायको प्रमिलाबाई वच्छलाबाईंच्या ओसरीवर येऊन बसली. रडून तिचे डोळे सुजले होते. “बाई, ठाण्यात इतकंच सांगजा, हे गवत कापाले गेलते. बंदुकीचं नाव काढू नोका. यायले तुरुंगात टाकतीन.”

“अन् बंदूक बी जाईन,” कवडू दारातून म्हणाला. “मीही तसंच सांगीन बाई. कोनाले कायचं समजते?”

वच्छलाबाई माझी नळी पुसत होत्या. पुसून झालेली नळी त्यांनी पुन्हा पुसायला घेतली. मला कळले की त्यांना मला सोडायचे नाही.

“परवान्यावर लिवलं हाये, हत्यार माह्या ताब्यात राहीन,” त्या शेवटी म्हणाल्या. “राह्यलं नाई. किल्ली मी खुंटीवर ठेवून गेलती. प्रमिला, तुह्या नवऱ्याचा दोष हाये, पन आधी माहा हाये. मी माहाच सांगीन.”

आणि त्यांनी तसेच सांगितले. “बंदूक माही, किल्ली माही, हयगय माही.” पण ठाण्याचा जमादार बापूरावांचा जबाब घ्यायला दवाखान्यात गेला, तेव्हा बापूराव पडल्या पडल्या म्हणाले, “वहिनीनं नाई देल्ली. त्यायनं नाई म्हटलतं. मीच चोरून काढली. लिवा.” दोघांनी एकमेकांना न विचारता खरे सांगितले. बापूरावांना दंड झाला. वच्छलाबाईंचा परवाना थांबवला गेला आणि मी ठाण्याच्या मालखान्यात जमा झाले.

पुढचा हुकूम येईपर्यंत, असे कागदावर होते. हुकूम येईना. मध्येच १९५६ साली आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, आणि माझे कागद या कचेरीतून त्या कचेरीत हिंडत राहिले. मालखान्यात मी मोडक्या सायकली आणि हातभट्टीचे डबे यांच्यात उभी होते. छपरातून पाणी झिरपे.

चार महिन्यांनी वच्छलाबाई तेलाची बाटली घेऊन ठाण्यात आल्या. जमादार म्हणाला, “बाई, जप्तीच्या वस्तूले हात लावता येत नाई.”

“जप्त नाई, जमा हाये. कागद पाहा. तुमच्या समोर पुसतो, मोजून दहा मिनिटं.”

जमादाराने कागद पाहिला आणि स्टूल दिले. त्यानंतर त्या दर चार महिन्यांनी येत राहिल्या. परत मिळेन याची कोणी खात्री दिलेली नव्हती. तरी येत. पुसत, बोल्ट दोनदा मागेपुढे करत, आणि ठेवून जात. दुसऱ्या वर्षी जमादाराने न सांगता छपराची ती फट बुजवली.

१९५८ च्या फाल्गुनात हुकूम आला. मला घ्यायला वच्छलाबाई बंडीतून आल्या. बंडी हाकायला बापूराव होते. ते उतरले, लंगडत दोन पावले आले आणि थांबले. मला हात लावला नाही. वच्छलाबाईंनी मला मांडीवर आडवे घेतले. बंडी निघाली.

अर्ध्या वाटेवर बापूराव समोर पाहतच म्हणाले, “वहिनी, एक इचारू का? त्या दिवशी ते दुसरं काडतूस बी नसतं चाललं त?”

“त तिसरं होतं.”

“अन् तिसरंही नसतं चाललं?”

वच्छलाबाईंनी हात पुढे करून बापूरावांच्या खांद्यावरची गवताची एक काडी काढून टाकली.

“बैल हाका भाऊजी,” त्या म्हणाल्या. “घरी प्रमिला वाट पाहून राह्यली.”

मित्रांनो, माझी काडतुसे आता विलायतेतून येत नाहीत. उरली आहेत ती थोडी आहेत, आणि त्यांतले कोणते खरे, कोणते खोटे, ते त्यांनाही माहीत नाही. मी पुन्हा बोलले नाही तरी चालेल. तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी वस्तू असेल, चुकीच्या हाती गेली तर रक्त काढणारी, तर तिला नुसते कुंकू लावू नका. तिच्या आत डोकावून पाहा. ती वापरात नसली तरी चालते. पण घरात ती आहे, हे एक दिवसही विसरू नका.